फियाटच्या पोटातले रबर

 सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा पाया घातला, आणि पुढे त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून तुरीनच्या फियाट कंपनीची 'अकराशे' बाहेर पडू लागून १९७४च्या सुमारास ती 'पद्मिनी' या अस्सल देशी नावाने वावरू लागली. त्यामुळे इटालियन घडणीची गाडी आपल्या खेड्यापाड्यांस परकी राहिली नाही. परके झाले आहेत ते तिचे सुटे भाग.

त्यांतही तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर, मग ते ब्रेकचे असोत वा क्लचचे, मालकाची विशेष परीक्षा पाहतात. ज्या गाडीत क्लचचे काम तारेऐवजी तेलाकडे सोपविलेले असते, तिचे पेडल दाबताच मास्टर सिलिंडरातील दट्ट्या तेल पुढे लोटतो, तो दाब नळीतून खालच्या स्लेव्ह सिलिंडरापर्यंत पोहोचतो आणि तेथील दांडा रेटला जाऊन इंजिन व गिअर यांची फारकत होते. पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेल्या या तत्त्वाची सारी भिस्त बोटाएवढ्या रबरी वाटीवर असते. तिची कड झिजली की पेडल निमूटपणे तळाला जाऊन बसते आणि गिअर करकरू लागतो. शिवाय ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा वर्षानुवर्षे शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचेच सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेले आढळतात. तेल कमी झाले म्हणून कोणी त्यात इंजिन ऑइल ओतले, तर रबर फुगून उरलीसुरली आशाही संपते.

अशा वेळी गाडीचे साल सांगून दुकानोदुकानी हिंडण्यापेक्षा जुना सिलिंडरच पिशवीत घालून न्यावा, कारण खरा दस्तऐवज तोच. आतल्या भोकाचा व्यास तंतोतंत जुळला पाहिजे. मास्टरचे भोक मोठे निघाले तर पेडल जड होते, लहान निघाले तर हलके होते खरे, पण क्लच पुरता सुटत नाही. नेमका जिन्नस न मिळाल्यास कुशल टर्नरकडून जुन्याच सिलिंडरात पितळेचे किंवा स्टेनलेस पोलादाचे अस्तर बसवून मूळ मापाचे भोक पाडून घ्यावे. माझ्या मते अनोळखी डुप्लिकेट मालापेक्षा ही तजवीज कितीतरी भरवशाची.

हा शोध पूर्वी इतका बिकट नव्हता, याचे श्रेय हौशी संग्राहकांकडे मुळीच जात नाही. ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे आहे. हजारो काळ्यापिवळ्या पद्मिनी अहोरात्र धावत आणि झिजत होत्या, म्हणून कारखानदार भाग बनवीत होते आणि दुकानदार ते मुबलक ठेवीत होते. २००३ साली नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली, आणि त्या व्यापाराचा मोठा आधार गेला.

तूर्त पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एखादा सिलिंडर हाती लागलाच, तर त्याचे धातूचे कवच तेवढे बेलाशक घ्यावे. आतले रबर मात्र, पाकीट कितीही मूळ कंपनीचे आणि न फोडलेले असले तरी, वापरू नये, कारण रबर पाकिटातही कडक होतेच. रबरी वाट्यांचे किट ताजेच घ्यावे.