फिर्याद नोंदवायची कोणी?

रुग्णसेवा केवळ वर्गात बसून शिकता येत नाही. ती रुग्णाच्या खाटेशीच शिकावी लागते. म्हणूनच परिचारिकेचे शिक्षण घेणारी मुलगी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच वॉर्डात उभी राहते. तिच्या हाती अधिकार कोणताच नसतो, पण अंगावर गणवेश असतो, आणि संतापलेल्या नातेवाइकाला तेवढे पुरते. औषध बाहेरून का आणायचे, डॉक्टर कोठे आहेत, या प्रश्नांची उत्तरे तिच्यापाशी नसतात. शिव्या मात्र तिला ऐकाव्या लागतात, प्रसंगी हातही तिच्यावरच उगारला जातो. रुग्णाचे अंग पुसताना त्याने केलेली लगट तर ती कोणापाशी बोलतही नाही.

शिकाऊ डॉक्टरांची गत फारशी निराळी नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. तेथे मेंदूशल्यविशारद नव्हता. रुग्णाला अन्यत्र न्या, असे सांगणाऱ्या निवासी डॉक्टरला जमावाने इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. उणीव यंत्रणेची, प्रहार तिच्या सर्वांत धाकट्या प्रतिनिधीवर!

कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने वैद्यकीय व परिचर्या विद्यार्थ्यांनाही संरक्षण दिले आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु फिर्याद झाल्यावाचून कायदा जागा होत नाही, आणि नेमके तेथेच घोडे पेंड खाते. ज्यांच्या सहीवाचून हजेरी व प्रात्यक्षिकाची वही पूर्ण होत नाही, त्यांच्यापुढेच या मुलीला तोंड उघडावे लागते. 'या व्यवसायात हे चालायचेच' असे उत्तर मिळते. छळणारा वरिष्ठच असला तर तेवढीही वाट उरत नाही. पुढे तीच मुलगी सिस्टर होते आणि नव्या मुलीला तेच वाक्य ऐकवते.

कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या महिला डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, तेव्हा देश हादरला. आठवड्याभरात, १६ ऑगस्टला, केंद्र सरकारने आपल्या रुग्णालयांना आदेश दिला: कामावरील आरोग्यसेवकावर हिंसाचार झाल्यास संस्थाप्रमुखाने सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने गुन्हा नोंदवावा. फिर्यादीचे ओझे पीडिताच्या खांद्यावरून उचलणारे हे तत्त्व मोलाचे आहे. मात्र शिकाऊ मुलगी वेतनपटावर नसते. तेव्हा 'विद्यार्थी' हा शब्द अशा आदेशात स्पष्टपणे लिहिला पाहिजे आणि सरकारी असो वा खासगी, शिक्षण देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयावर व महाविद्यालयावर ते बंधन आले पाहिजे.

विद्यार्थ्याच्या हातून रुग्णसेवा करून घेणाऱ्या संस्थेने त्याच्या अंगरक्षणाची जबाबदारीही पत्करली पाहिजे. मार सोसणे हा कोणत्याही अभ्यासक्रमातला विषय नाही.