तळटिपेतला चकवा

पुस्तक हातात आलं की लोक मुखपृष्ठ बघतात, किंमत बघतात, फार तर अर्पणपत्रिका वाचतात. शेवटची संदर्भसूची मात्र कोणी उघडत नाही, आणि खऱ्या गमती तिथेच दडलेल्या असतात. धाराशिव जिल्ह्यातलं, लोहारा तालुक्यातलं माकणीच घ्या. निम्न तेरणा धरणाचं हे गाव. १९९३ साली जवळच किल्लारीचा भूकंप झाला. धरणातल्या पाण्याचा त्याच्याशी काही संबंध असेल का, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला आणि हे धरण देशोदेशीच्या शोधनिबंधांत पोचलं. त्या निबंधांची सूची करायला बसा, म्हणजे कळेल चकवा कशाला म्हणतात!

एक भूकंप, दोन तारखा
धरणी हादरली ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या नोंदीत मात्र तारीख आहे २९ सप्टेंबर. दोन्ही बरोबर! आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे तिच्या हिशेबाने आदल्या रात्रीचे १० वाजून २६ मिनिटं. तारखेपुढे ‘भारतीय वेळ’ एवढं लिहिलं की पुढच्या वाचकाच्या डोक्याचा ताप वाचतो.

तीच घटना, तीन नावं
कुठे ‘किल्लारी भूकंप’, कुठे ‘लातूर भूकंप’, कुठे ‘लातूर-किल्लारी’. आजच्या धाराशिव जिल्ह्यातली सास्तूरसारखी गावंही यात उद्ध्वस्त झाली, पण शीर्षकात हा जिल्हा क्वचितच दिसतो. इंग्रजी निबंधांत नदीसुद्धा कधी ‘तेरणा’ असते, तर कधी ‘तिरणा’. एकाच नावाने शोध घेणाऱ्याच्या हातून बरंच काही निसटतं.

जिल्हे बदलले, गाव तिथेच
लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा निघाला. त्यामुळे उस्मानाबादच्या १९७२च्या गॅझेटियरमध्ये किल्लारी शोधायचं आणि लातूरही! २०२३मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. मग सूचीतल्या जुन्या ग्रंथाचं नावही बदलायचं का? मुळीच नाही. छापलेलं शीर्षक जसंच्या तसं ठेवायचं, आजचं नाव हवं तर कंसात द्यायचं. नाहीतर ‘धाराशिव गॅझेटियर, १९७२’ मागणाऱ्याला ग्रंथपाल हात हलवत परत पाठवणार.

५९० मिळवा
जुन्या मराठी पुस्तकावर शके असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारी ते गुढीपाडवा या दिवसांसाठी ७९. मराठवाड्यात आणखी एक वळण आहे. हैदराबाद संस्थानच्या कागदांवर फसली साल असतं. तिथे साधारण ५९० मिळवायचे. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. हे विसरलात तर तुमचे आजोबा थेट बहमनी काळात जाऊन बसतील.

एक माणूस, तीन कप्पे
राम गणेश गडकरींनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ नावाने आणि विनोद ‘बाळकराम’ नावाने. वि. वा. शिरवाडकर कवितेत कुसुमाग्रज. सूचीकाराने ‘पाहा’ असा शेरा टाकून या नोंदी एकमेकींशी जोडल्या नाहीत, तर नव्या वाचकाला हे पाच वेगवेगळे लेखक वाटतील.

ज्ञानेश्वरी कुठे शोधाल?
शाळेच्या तक्त्यात ‘ज्ञ’ शेवटी. संगणक अक्षरं फोडून बघतो, त्यामुळे काही प्रणालींत तोच ‘ज्ञ’ जाऊन बसतो ‘ज’च्या घरात. अकारविल्हे यादीत ज्ञानेश्वरी सापडली नाही तर घाबरू नका, दुसरी जागा बघा.

दात्यांचा पराक्रम
शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली आणि पुढच्या भागात १९५०पर्यंत मजल मारली. तेव्हा ना संगणक, ना शोधयंत्र. आजही जुन्या मराठी पुस्तकाचं साल अडलं की अभ्यासक आधी ‘दाते बघा’ म्हणतात.

सहलेखक: मांजर
अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी १९७५ साली एकट्याने निबंध लिहिला, पण त्यात सगळीकडे ‘आम्ही’ वापरलं. नियतकालिकाला ते चालणार नाही असं कळलं. टाइपरायटरवर सगळं पुन्हा बडवायचा कंटाळा! मग त्यांनी आपल्या मांजराला एफ. डी. सी. विलर्ड या भारदस्त नावाने सहलेखक करून टाकलं. निबंध छापून आला, आणि आजही त्याचा संदर्भ देताना मांजराचं नाव लिहावंच लागतं.

पाच हजार जणांची दिंडी
हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या निबंधाला ५,१५४ लेखक आहेत. एकूण पानं ३३. त्यातली २४ फक्त लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची. ‘आणि इतर’ हे दोन शब्द नसते तर सूचीकारांनी संप केला असता.

नसलेला लेख, चारशेच्या घरात संदर्भ
एका मोठ्या प्रकाशन संस्थेने संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एक काल्पनिक नोंद नमुना म्हणून दिली: लेखक व्हॅन डर गीर आणि मंडळी, साल २०००. लोकांनी नमुना उतरवला आणि ही नोंदही तशीच राहू दिली. होता होता कधीच न लिहिलेल्या त्या लेखाला जवळपास ४०० संदर्भ मिळाले. खरा लेख लिहून एवढे मिळवणारे किती निघतील?

शैली दहा हजारांवर
आडनाव आधी की साल आधी, स्वल्पविराम की पूर्णविराम, यावर विद्वानांचं एकमत नाही. झोटेरो हे २००६ साली आलेलं मोफत सॉफ्टवेअर दहा हजारांहून अधिक शैलींत सूची बनवून देतं. एक नोंद नीट भरा, बाकीची मांडामांड त्याच्यावर सोपवा. पण आत चुकीचं साल भरलंत, तर तेच चुकीचं साल दहा हजार प्रकारे देखणं होऊन बाहेर येईल.

दुव्यांना वाळवी
प्यू संशोधन केंद्राने २०२४मध्ये मोजदाद सांगितली: २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. यावर उतारा म्हणजे डीओआय क्रमांक. मालक बदलला तरी जमिनीचा गट नंबर सुटत नाही, तसा लेखाचा हा क्रमांक कायम राहतो. जगातला प्रत्येक डीओआय १० या आकड्यानेच सुरू होतो. क्रमांक नसेल तर पान इंटरनेट आर्काइव्हवर जतन करा आणि आपण ते पाहिल्याची तारीख लिहा.

यंत्राची थाप, वकिलाला दंड
२०२३मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने सुचवलेले खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले. त्यातले सहा कधी झालेच नव्हते! ५,००० डॉलरचा दंड बसला. यंत्राने दिलेलं शीर्षक भारदस्त असतं, लेखकाचं नाव ओळखीचं वाटतं, पान क्रमांकही असतो. फक्त लेख नसतो. म्हणून सूचीकारांचा जुना नियम आजही लागू: डोळ्यांनी पाहिलं नसेल, तर यादीत घालायचं नाही. मग ते तुम्हाला यंत्राने सांगितलेलं असो, नाहीतर मार्गदर्शक सरांनी.