पारखून घेतलेला माल

धान्याच्या व्यापारात आमची हयात गेली. पोत्यात पोकळ सळई खुपसून तळचा दाणा हातावर घेतल्यावाचून आम्ही कधी भाव बोललो नाही. संगणकाच्या प्रोग्रॅमला मात्र हा नियम लावण्याचे फारसे कोणास सुचत नाही.

अमेरिकेतील नाइट कॅपिटल ही शेअरबाजारातील मातबर पेढी. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिने नवा प्रोग्रॅम चालू केला. आठ यंत्रांपैकी सातांवर तो बसविला गेला. आठव्यावर जुनाच राहिला. काम पुरे झाले की नाही हे दुसऱ्या कोणी पाहावे, असा लेखी नियम पेढीत नव्हता. बाजार उघडताच ते यंत्र नको ते सौदे करू लागले, आणि अवघ्या पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बुडाली. पुढील वर्षी ती पेढी दुसरीत विलीन झाली.

आम्हीही दुकानात हिशेबाचा प्रोग्रॅम घेतला, तेव्हा महिनाभर जुनी खातेवही त्याच्या जोडीने चालविली. पोती बदललेल्या मालाच्या पट्टीत तो बारदानाचे वजन दोनदा वजा करी! दोष वेळीच सापडला; एरवी शेतकऱ्याचा पैसा आमच्या गल्ल्यात राहता, आणि तीन पिढ्यांची पत जाती.

तेव्हा सभासद बंधूंनो, तपासणी कोणी, केव्हा व कोणत्या नमुन्यांवर करावयाची, हे सौद्यापूर्वीच लिहून घ्यावे आणि तिचे दाम भावातच धरावे. चाळणीचे पैसे वाचविणाऱ्यास पुढे खड्यांचे पैसे मोजावे लागतात.