नॅनो : दुसऱ्या मालकाचा हिशेब

पहिल्या नॅनोची डिकी उघडतच नाही. मागची काच आणि पत्रा एकसंध. सामान ठेवायचं तर मागचं दार उघडायचं, सीटची पाठ पाडायची आणि वाकून पिशव्या आत सरकवायच्या. तिथेच एक झाकण आहे, त्याचे स्क्रू हातानेच फिरतात. झाकण निघालं की दोन सिलिंडरचं, ६२४ सीसीचं इंजिन समोर येतं. जुनी नॅनो बघायला गेल्यावर विकणारा मोठ्या कौतुकाने पुढचं बॉनेट उघडून दाखवेल. तिथे स्टेपनी आणि पेट्रोल भरायचं तोंड सोडलं तर बघण्यासारखं फारसं काही नाही. त्याला नम्रपणे मागे घेऊन जा आणि झाकण काढायला सांगा. कडेला ऑइलचा चिकटा, त्यावर बसलेली धूळ, कुरतडलेल्या वायरी आणि त्यांवर गुंडाळलेली काळी चिकटपट्टी यातलं काय दिसतं, त्यावर निम्मा सौदा ठरतो.

ही गाडी १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये रतन टाटांनी दाखवली, तेव्हा ‘लाखाची गाडी’ हे शब्द घराघरांत पोचले होते. काम पुण्यात झालं होतं. पिंपरीच्या इंजिनिअरांच्या त्या चमूचं नेतृत्व गिरीश वाघ यांच्याकडे होतं. सिंगूरचा कारखाना आंदोलनामुळे गुजरातेत साणंदला हलला, तोवर पंतनगरच्या कारखान्यातून गाड्या काढून वेळ मारून नेली. साणंदची तयारी वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. प्रत्यक्षात गाडीची सगळी हयात गेली तरी एकूण विक्री त्या एका वर्षाच्या आकड्याच्या फार पुढे सरकली नाही, आणि २०१८ मध्ये उत्पादन जवळजवळ थांबलं. हा इतिहास दुसऱ्या मालकाला महागात पडतो. आल्टो किंवा वॅगनआरचे पार्ट तालुक्याच्या गावातही टांगलेले असतात, कारण त्या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत. नॅनोचं तसं नाही. ऑइल फिल्टर, ब्रेक लायनर मिळतात. पण एखादी केबल किंवा आतली प्लॅस्टिकची पट्टी तुटली की मिस्त्री फोन फिरवत बसतो, आणि गाडी गॅरेजच्या बाहेर उन्हात.

इंजिन मागे ठेवण्याचा निर्णय जागा वाचवण्यासाठी हुशारीचा होता. सहा फुटी माणूस या गाडीत आरामात बसतो, ते त्यामुळेच. पण प्रत्येक हुशारीची पावती मालकाला भरावी लागते. गिअरचा दांडा पुढे आणि गिअरबॉक्स मागे, म्हणून मधल्या केबल लांबलचक. त्या ताणल्या की गिअर नीट बसत नाही, आणि लोक थेट क्लच प्लेट बदलून मोकळे होतात. वजन मागे जास्त, म्हणून पुढचे टायर १३५ रुंदीचे आणि मागचे १५५चे, सगळे बारा इंची. इतर गाड्यांत झीज सारखी व्हावी म्हणून पुढचे टायर मागे टाकतात, तो मार्ग इथे बंद. स्टेपनीही पुढच्या मापाची, म्हणजे मागचा टायर पंक्चर झाला तर ती फक्त दुकानापर्यंत जाण्यापुरती. या मापाचे टायर दुकानदार सहसा मागवून देतो. टायर गुळगुळीत झालेली नॅनो स्वस्तात मिळत असेल, तर टायरचा भाव आधी विचारा आणि मगच खुश व्हा.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. गावातल्या वेगाला पुरतात. पण पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ओल्या ड्रमची पकड सैल पडते. पाणी ओलांडल्यावर हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक हलके दाबून ते वाळवून घ्यायचे, ही सवय नव्या पिढीच्या चालकाला बहुधा नसते. स्वस्त मॉडेलमध्ये ब्रेकला बूस्टरही नाही, तिथे पाय जोरातच दाबावा लागतो.

आगीबद्दल बोलायलाच हवं, कारण नॅनोचं नाव काढलं की शेजारी तेच विचारतो. सुरुवातीच्या काही गाड्यांनी पेट घेतला, हे खरं आहे. २०१० मध्ये कंपनीने वायरिंग आणि एक्झॉस्टच्या भागात जादा संरक्षण मोफत बसवून द्यायला सुरुवात केली आणि वॉरंटी चार वर्षं किंवा ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवली. जुन्या गाड्यांचे स्टार्टरही पुढच्या वर्षी बदलून दिले गेले. म्हणून २००९-१० ची गाडी असेल तर सर्व्हिसची वही मागायची आणि ही कामं झाल्याची नोंद शोधायची. वही नसेल तर गाडी सोडून द्यावी. बाहेरच्या दुकानातून जादा हॉर्न, मोठे लाइट, गाण्याची पेटी बसवताना वायर तोडून जोडलेली दिसली तरीही.

इंजिनाबद्दल मात्र तक्रार करायला फारशी जागा नाही. आवाज रिक्षासारखा, थरथर आहेच, पण वेळेवर ऑइल बदललेलं असेल तर ते निमूट चालतं. कंपनीचा मायलेजचा आकडा लिटरला २३.६ किलोमीटरचा, गर्दीत आणि एसी लावून त्याच्या बरंच खाली यायची तयारी ठेवा. पहिल्या गाड्यांची टाकी १५ लिटरची, त्यामुळे पंपावर जाणं होतंच.

खरा खर्च गॅरेजमध्ये नसून कागदांत आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २००९-१० च्या नॅनोंचं पासिंग २०२४-२५ मध्येच संपलं आणि नेमक्या त्याच गाड्या आज बाजारात स्वस्तात दिसतात. पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायची फी २०२२ पासून ५,००० रुपये झाली, पूर्वी ती ६०० होती. ही फी चारचाकीला सरसकट आहे. देशात बनलेली भलीमोठी एसयूव्ही असो की नॅनो, नियमाला फरक नाही. मुदत उलटून गेली असेल तर दरमहा ५०० रुपयांचा दंड चढतो, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. जुन्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते, ती चारचाकीसाठी ७४५ रुपये आणि जीएसटी. थर्ड पार्टी विमा हजार सीसीच्या आतल्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, हा एक दिलासा. हे सगळं भरल्यावर ‘तीस हजारांत गाडी’ या वाक्यातले तीस हजार कुठल्या कुठे जातात.

आणि नाव बदलून घेणं. ओळखीतला सौदा आहे, करू निवांत, म्हणून लोक सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० कपाटात ठेवून गाडी फिरवतात. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली असली तरी. म्हणजे चालढकल घेणाऱ्याने केली तरी गळ्यात पडते ती विकणाऱ्याच्या. कर्जावरची गाडी असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय का, तेही तपासा. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते.

एवढं करून नॅनो घ्यायची का? रोज महामार्गावर जाणाऱ्याने नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०१४ च्या चाचणीत तिला शून्य तारे मिळाले, एअरबॅग नाही, आणि मोठ्या ट्रकच्या शेजारून जाताना हलकी गाडी वाऱ्याने हलते ती वेगळीच. गावातल्या गावात, शाळा-बाजार-दवाखाना एवढंच करणाऱ्याने घ्यावी, पण शक्यतो २०१५ ची जेनएक्स. तिची डिकी उघडते, टाकी २४ लिटरची आहे आणि स्टिअरिंग हलकं आहे. ऑटोमॅटिक गिअरची मिळाली तर ती घाटात, चढावर थांबवून पुन्हा उचलून बघा. झटके देत असेल तर भाव पाडण्याच्या फंदात पडू नका, सरळ परत या. २००९-१० ची गाडी, पासिंग संपलेली आणि वही हरवलेली, कुणी फुकट दिली तरी महाग पडते.