जुन्या चेरोकीत कूलंटचे पाइप जातात कसे?

जीप चेरोकीचं चार लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन दणकट म्हणून नावाजलेलं. पण 1987 ते 1990 च्या गाड्यांत एक गंमत आहे: रेडिएटरला झाकणच नाही! दाब सांभाळते ती फायरवॉलजवळची प्लास्टिकची बाटली, आणि जुनी झाली की ती हमखास तडकते. रेडिएटरवर झाकण आलं ते 1991 पासून.

मोठे पाइप सरळ आहेत. वरचा थर्मोस्टॅटकडून रेडिएटरला, खालचा रेडिएटरकडून वॉटर पंपाला. खालच्यातून पंप कूलंट ओढतो. त्यामुळे रबर मऊ पडलं की इंजिनाचा वेग वाढताच तो आत चेपतो, प्रवाह अडतो आणि गाडी तापते. बदलताना हा आधी दाबून पाहावा.

हीटरचा एक पाइप थर्मोस्टॅटच्या घरातून निघतो, परतीचा पंपाला मिळतो. पीळ आणि तीव्र वळण टाळावं, पाइप एग्झॉस्टपासून लांब ठेवावेत.

पाइप बदलल्यावर खरी कसोटी आत शिरलेली हवा काढण्याची. बिनझाकणाच्या गाड्यांत सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला ती अडकून बसते. इंजिन पूर्ण थंड असताना तिथला तापमानाचा सेन्सर सैल करून, कूलंट बाहेर येईपर्यंत सावकाश भरत राहावं. मगच सेन्सर आवळावा.