पपईच्या एका झाडात दोन विषाणू : निदान आणि प्रतिबंध

नांदेड व लातूर जिल्ह्यांत कापूस, सोयाबीन, तूर या पिकांच्या शेजारी विहिरीच्या व ठिबकाच्या पाण्यावर पपईची लागवड होते. लागवडीनंतर नऊ-दहा महिन्यांत फळ हाती येऊ लागते, हे या पिकाचे मोठे आकर्षण आहे. परंतु फळधारणेपूर्वीच विषाणूने झाड गाठले, तर रोपे, खत, पाणी व मजुरी यांवर केलेला सारा खर्च वाया जातो. विषाणूग्रस्त झाड बरे करणारे औषध उपलब्ध नाही. म्हणूनच अचूक निदानास विशेष महत्त्व आहे.

दोन रोग, दोन वाहक

पपईच्या चुरडामुरडा रोगाची नोंद मद्रास प्रांतात १९३९ साली, तर मुंबई प्रांतातील मोझेक रोगाची नोंद १९४८ साली झाली. आज बागांची सर्वाधिक हानी करणारा रिंगस्पॉट विषाणू मावा या किडीमार्फत पसरतो. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे, कोवळ्या देठांवर तेलकट रेषा आणि फळांवर वलये ही त्याची लक्षणे होत. चुरडामुरडा रोगाचा विषाणू पांढरी माशी वाहून आणते. त्यात पाने खाली व आत वळून उलट्या वाटीसारखी होतात आणि शिरा जाड होतात. कापूस, सोयाबीन, मिरची व टोमॅटो या पिकांवरही पांढरी माशी पोसली जाते, ही गोष्ट या दोन जिल्ह्यांतील बागायतदारांनी ध्यानात घ्यावी.

डोळ्यांची फसगत

हे दोन्ही विषाणू एकाच झाडात एकत्र नांदू शकतात. तेव्हा एकाची लक्षणे दुसऱ्याच्या लक्षणांत मिसळतात. शिवाय कोळ्यांचा उपद्रव, बोरॉनची कमतरता किंवा तणनाशकाचा उडालेला फवारा यांमुळेही पाने व फळे वेडीवाकडी होतात. केवळ पाहणीवरून काढलेला निष्कर्ष त्यामुळे अपुरा ठरतो.

विषाणूंचा क्रमही महत्त्वाचा असतो. रिंगस्पॉट व पपई मोझेक या विषाणूंवरील मेक्सिकोतील संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. रिंगस्पॉट आधी अथवा दोन्ही एकाच वेळी शिरले, तर रोग तीव्र होतो. मोझेक आधी शिरला, तर रिंगस्पॉटला अटकाव होतो, असे त्यात आढळले.

प्रयोगशाळेतील परीक्षा

एलायझा पद्धतीत पानाचा रस विशिष्ट प्रतिपिंडांच्या संपर्कात आणतात; विषाणू असल्यास रंग उमटतो. पीसीआर पद्धतीत विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा ठरावीक भाग असंख्य पटींनी वाढवून ओळखला जातो. चुरडामुरडा रोगाच्या विषाणूत डीएनए असल्याने ही चाचणी थेट करता येते. रिंगस्पॉटमध्ये आरएनए असल्याने प्रथम त्याचे डीएनएत रूपांतर करावे लागते. म्हणजेच एका विषाणूची चाचणी दुसऱ्याविषयी काहीच सांगत नाही. संमिश्र लागण शोधण्यासाठी एकाच नमुन्याची दोन्ही विषाणूंकरिता तपासणी आवश्यक असते.

शेंड्याजवळची कोवळी पाने घ्यावीत. प्रत्येक झाडाचा नमुना स्वतंत्र पिशवीत, क्रमांक टाकून व थंड ठेवून तज्ज्ञांच्या सल्ल्याने लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा.

निदानानुसार उपाय

मावा काही सेकंदांच्या टोचणीतही रिंगस्पॉट विषाणू झाडात सोडतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. त्यामुळे केवळ फवारणीने हा रोग थांबत नाही. पांढऱ्या माशीला मात्र विषाणू पसरविण्यास अधिक वेळ लागतो, म्हणून तिच्या नियंत्रणाचा उपयोग होतो. दोन्ही विषाणू आढळल्यास एकाच उपायावर विसंबून चालणार नाही.

रोपे कीटकरोधक जाळीत वाढवावीत. बागेभोवती मक्याच्या दाट ओळी लावाव्यात; काकडी, भोपळा यांसारखी वेलवर्गीय पिके जवळ घेऊ नयेत. रोगट झाड प्रारंभीच उपटून नष्ट करावे. एक झाड गमावण्याचे दुःख मोठे खरे. पण वेळीच काढलेले ते झाड उरलेल्या बागेचे रक्षण करते.