मिसगाइडेड : हेतू चांगला, निर्णय चुकीचा

‘मिसगाइडेड’ हे इंग्रजी विशेषण चुकीच्या समजुतीतून घेतलेल्या निर्णयाला, मताला किंवा कृतीला लावतात. ‘गाइड’ या वाट दाखवण्याच्या क्रियापदाला ‘मिस’ हा उपसर्ग लागून ते बनले आहे. गणिताचे उत्तर चुकले तर ते ‘राँग’; तेथे मिसगाइडेड चालत नाही. हा शब्द निवाडा चुकल्याचे सांगतो आणि बहुधा हेतू वाईट नव्हता हेही सुचवतो. म्हणूनच त्याच्या आधी ‘वेल-मीनिंग बट’ (हेतू चांगला, पण) हे शब्द वारंवार येतात.

अमेरिकेतील दारूबंदीचे उदाहरण घ्या. कुटुंबांची वाताहत थांबावी म्हणून ती 1920 मध्ये देशभर लागू झाली. पण चोरटी दारू आणि गुन्हेगारी टोळ्या फोफावल्या, आणि 1933 मध्ये ती उठली. या धोरणाला अनेक जण मिसगाइडेड म्हणतात, आणि ते नेमके आहे.

‘मिसलेड’ या जवळच्या शब्दात दिशाभूल करणारा कोणीतरी सहसा गृहीत असतो, मिसगाइडेडमध्ये तो असावाच लागत नाही. ‘मिसगाइडेड लॉयल्टी’ला मराठीत ‘अनाठायी निष्ठा’ चपखल बसते. माणसाला हे विशेषण लावताना मात्र जपावे. त्यात कीव डोकावते आणि ती बोचते.